सड्यावर खड्डा खणण्याआधी

कोकणात मृगाचा पाऊस सुरू झाला की वृक्षारोपणाची पत्रकं निघतात. रोपं येतात, फलक येतात, पाहुण्यांची तारीख ठरते आणि मग जागेचा प्रश्न उभा राहतो. भाताच्या खाचरात झाड लावायला कोणी देत नाही, घराच्या परड्यात जागा उरलेली नसते, डोंगरउतार चढायची कोणाची तयारी नसते. शेवटी सगळ्यांचं एकमत होतं: सड्यावर लावूया, तिथे काहीच नाही. हे वाक्य मी सरपंचांच्या तोंडून ऐकलं आहे, शिक्षकांच्या बैठकीत ऐकलं आहे, शहरातून आलेल्या आणि निसर्गावर मनापासून प्रेम करणाऱ्या तरुण मुलामुलींकडूनही ऐकलं आहे. त्या सगळ्यांना मला सांगायचं आहे की सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या या उघड्या, सपाट कातळावर, पुष्कळ काही आहे. ते बोटभर उंचीचं आहे आणि वर्षातले तीन-चार महिनेच दिसतं, म्हणून उभ्याने पाहणाऱ्याच्या नजरेतून सुटतं.

मी प्राथमिक शिक्षिका. राजापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवण्यात माझी बहुतेक नोकरी गेली. शाळा सड्याच्या कडेला होती आणि पलीकडच्या वाड्यांतली मुलं सडा ओलांडूनच यायची. पावसाळ्यात त्यांच्या हातात काही ना काही असायचंच. कधी खेकडा, कधी मूठभर फुलं, एकदा तर टिटवीचं अंडं. ते मी त्या मुलाबरोबर जाऊन होतं तिथे परत ठेवून आले. ज्या पिवळ्या फुलाबद्दल आज लिहिते आहे, ते मला या मुलांनीच दाखवलं.

श्रावणात, लावणी उरकल्यावर, आमच्याकडच्या कुठल्याही ओल्या सड्यावर जा. पाय जपून टाका, कारण काळ्या शेवाळावर घसरायला होतं आणि सुट्या दगडाखाली फुरसं असू शकतं. कातळ जिथे किंचित खोलगट आहे, जांभ्याची झीज होऊन साठलेली लालसर रेताड माती जिथे बोटाच्या पेराएवढीही जाड नाही आणि तिच्यावरून पावसाचं पाणी पातळ थराने सारखं झिरपत असतं, तिथे उकिडवे बसा. आधी नुसतं गवत दिसेल. मग गेंदाची पांढरी बोंडं दिसतील, जांभळी सीतेची आसवं दिसतील आणि त्यांच्यामध्ये, पान नसलेल्या अगदी बारीक देठावर, पिवळंधमक फूल दिसेल. सेंटिमीटरभराचंही नसतं ते. दोन ओठ, खालचा ओठ रुंद आणि मधोमध फुगीर, मागे खाली वळलेली टोकदार शेपटी. फूल गळलं की खालची दोन हिरवी दलं वाढून बोंडाला दोन्ही बाजूंनी झाकून घेतात आणि बोंड मान खाली घालतं. शास्त्रीय नाव युट्रिक्युलारिया बायफिडा. लिनीयसने 1753 सालीच त्याची नोंद केली. भारतापासून जपानपर्यंत आणि खाली ऑस्ट्रेलियापर्यंत ते ओल्या, रेताड, निकस जमिनीवर आढळतं. आमच्या शाळेतली मुलं त्याला पिवळी आसवं म्हणायची, मीही तेच म्हणते.

हे रोप मातीतून अलगद सोडवलं तर मूळ म्हणून हातात काही येत नाही. या कुळातल्या वनस्पतींना खरी मुळं नसतातच. ओल्या रेतीत अतिशय बारीक, पांढरट धागे पसरलेले असतात आणि त्या धाग्यांना मिलिमीटरभराचे किंवा त्याहूनही लहान, पारदर्शक फुगे लागलेले असतात. विज्ञानपेटीतलं भिंग घ्यायचं, धागे पाण्यात हलक्या हाताने धुवायचे आणि काळ्या पाटीवर ठेवून पाहायचे. काळ्यावर ते स्वच्छ दिसतात. प्रत्येक फुग्याला आत उघडणारं एक दार असतं आणि दाराशी केस असतात. फुगा आतलं पाणी सतत बाहेर टाकत राहतो, त्यामुळे आतला दाब कमी होतो आणि त्याच्या भिंती आत ओढल्या जातात. रेतीच्या कणांमधल्या पाण्यात फिरणारा एखादा सूक्ष्म जीव त्या केसांना लागला की दार उघडतं, पाणी त्या जिवासकट आत खेचलं जातं आणि दार मिटतं. शाईच्या जुन्या पेनातला रबरी फुगा दाबून दौतीत सोडल्यावर शाई वर चढते तसंच हे, पण इथे सगळा व्यवहार सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत आटोपतो. वनस्पतींमधल्या सर्वांत जलद हालचालींत त्याची गणना होते. मग पाचक रस सुटतात, आणि साधारण 15 ते 30 मिनिटांत फुगा पुढच्या सावजासाठी तयार होतो.

चार्ल्स डार्विनने 1875 साली कीटकभक्षी वनस्पतींवर पुस्तक काढलं, त्यात त्याने या कुळाचाही अभ्यास मांडला आहे. सावज स्वतःच दार ढकलून आत शिरतं, असं त्याचं मत होतं. अमेरिकेत न्यू जर्सीत राहणाऱ्या मेरी ट्रीट यांनी सूक्ष्मदर्शकाखाली चिकाटीने पाहून सावज आत ओढलं जातं, हे ओळखलं. त्या कुठल्या विद्यापीठात प्राध्यापक नव्हत्या. डार्विनशी त्यांचा पत्रव्यवहार होता आणि त्याने आपल्या पुस्तकात त्यांच्या निरीक्षणांचा उल्लेखही केला. ही गोष्ट मी वर्गात दर वर्षी सांगायची, मुली समोरच्या रांगेत आहेत ना हे बघून.

याच कुळातलं आणखी एक पिवळं फूल, युट्रिक्युलारिया गिब्बा, साचलेल्या उथळ पाण्यात वाढतं. 2013 साली त्याच्या जनुकसंचाचं वाचन ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालं. माणसाच्या जनुकसंचात सुमारे 300 कोटी अक्षरं आहेत, या रोपाच्या संचात जेमतेम 8 कोटी 20 लाख. तरी त्यात 28 हजारांहून अधिक जनुकं बसलेली आहेत, म्हणजे संख्येने माणसापेक्षा जास्तच. इतक्या कमी जागेत इतका संसार कसा मावतो, हे कोडं सोडवायला जगभरच्या प्रयोगशाळा या गवताएवढ्या रोपाच्या मागे लागल्या.

आता मुद्द्याकडे येते. या फुलाला शिकार का करावी लागते? कारण त्याच्या मातीत खायला काही नाही. लाखो वर्षांच्या उष्ण, दमट हवेत खडकातली सिलिका, चुना, पोटॅश अशी द्रव्यं पाण्याबरोबर निघून जातात आणि लोखंड-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहतात. तोच आपला जांभा. फ्रान्सिस बुकानन याने 1807 साली केरळातल्या अंगाडीपुरमच्या दगडाचं वर्णन करताना या खडकाला शास्त्रात पहिल्यांदा नाव दिलं. अशा कातळावर जी मूठभर माती साठते ती आम्लधर्मी असते, तिच्यात नत्र आणि स्फुरद नावालाच असतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ती पाण्याखाली असते आणि डिसेंबरनंतर तापून कोरडीठाक होते. बहुतेक झाडाझुडपांना हे जमत नाही. ज्यांना जमतं त्यांनी आपापली तऱ्हा शोधून काढली आहे. पिवळी आसवं पाण्यातले जीव खातात. दवबिंदू पानांवरच्या चिकट थेंबांत चिलटं पकडतो. गेंद चार महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून मोकळा होतो. दीपकाडी जमिनीखालच्या कांद्यात उन्हाळा काढते आणि पहिल्या पावसाबरोबर पांढरी फुलं घेऊन वर येते. ती कोकण-गोव्याच्या या पट्ट्याबाहेर जगात कुठेही उगवत नाही.

म्हणजे सड्याच्या ज्या गोष्टींना आपण उणिवा समजतो, त्यांच्यावरच हे सगळं उभं आहे. माती पातळ आहे म्हणून मोठं गवत आणि झुडपं तिथे माजत नाहीत. माती निकस आहे म्हणून शिकार करणाऱ्या रोपाला तिथे फायदा आहे. पाणी साचतं म्हणूनच त्याचे फुगे चालतात. यातली एक जरी गोष्ट आपण ‘सुधारली’, तरी पिवळ्या आसवांचा तिथला मुक्काम संपतो. त्या खळग्यात गाडीभर चांगली माती आणून टाका, वर थोडं खत टाका. त्याच हंगामात दुसरं गवत येतं, उंच वाढतं, सावली धरतं आणि ही बोटभर रोपं त्याच्याखाली दबून जातात. कुठल्याही विषारी फवारणीची गरज पडत नाही. जमिनीचं भलं करायच्या हेतूनेच हे घडतं आणि म्हणून त्याच्याविरुद्ध बोलणं कठीण जातं.

आमच्या सड्यावर हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं. वृक्षारोपणासाठी यंत्राने कातळ फोडून खड्डे केले, नदीकाठची माती आणून ती भरली आणि अकेशियाची रोपं लावली. कार्यक्रम छान झाला, मुलांना खाऊ मिळाला. एप्रिलपर्यंत बरीच रोपं वाळली, कारण खड्ड्याच्या चारी बाजूंना तापलेला दगड होता आणि मुळांना जायला वाट नव्हती. पुढच्या पावसात खड्ड्यांतली माती पाण्याबरोबर उताराला वाहिली आणि खालच्या खळग्यांत पसरली. तिच्याबरोबर रानमोडी आली. जिथे मुलं मला आसवं दाखवायला हात धरून न्यायची, ती जागा आता कमरेएवढ्या झुडपांत आहे. झाडंही गेली आणि फुलंही गेली.

2016 साली राज्यात 2 कोटी झाडं लावायचं ठरलं, पुढच्या वर्षी 4 कोटी, 2018 मध्ये 13 कोटी आणि 2019 मध्ये 33 कोटी. आकडा असा चढत गेला की खड्डे करायला सपाट, मोकळी, हरकत न घेणारी जागा लागतेच, आणि सड्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही. झाडं लावण्याला माझा विरोध मुळीच नाही. कोकणात झाडं लावायला हव्यात अशा जागा कितीतरी आहेत: लाकूडतोडीने उघडे पडलेले डोंगरउतार, पऱ्याचे काठ, रस्त्याच्या रुंदीकरणात बोडके झालेले कडेचे पट्टे. तिथे आईन, किंजळ, जांभूळ लावा, ती जगतील. जिथे हजारो वर्षं झाड नव्हतं, तिथे ते नसण्याला काही कारण आहे एवढं तरी आपण मान्य करायला हवं.

बागांचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण तिथे घरं चालतात. सुरुंग लावून कातळ फोडायचा, दुसरीकडून माती आणायची आणि हापूसची कलमं लावायची, हे आमच्या भागात कित्येक वर्षं चालू आहे. त्या बागांमागे कष्ट आहेत, कर्ज आहे. माझ्या माहेरी कलमं आहेत आणि त्यांच्यावर आमची शिक्षणं झाली आहेत. जांभ्याच्या चिरेखाणीही तशाच. माझं घर चिऱ्याचं आहे, शाळा चिऱ्याची होती, गावातली विहीर आणि देवळाचा गडगाही चिऱ्याचाच. चिरा काढूच नका, असं मी कुठल्या तोंडाने म्हणणार? पण पूर्वी हाताने चिरा काढायचे तेव्हा घरापुरती खाण व्हायची. आता यंत्राची करवत सड्यावर उतरली की बघता बघता एकरभर कातळ कापून डंपरमधून निघून जातो आणि मागे चौकोनी, खोल, उभ्या भिंतींचा खड्डा उरतो. त्यात पाणी साचतं ते खोल. पाण्याचा पातळ थर, ज्यावर हे सगळं जगतं, तो तिथे पुन्हा कधीही तयार होत नाही.

आणि हे केवळ फुलापुरतं नाही. आमच्या भागात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तरी मे महिन्यात टँकर लागतो. सड्यावर पडलेलं पाणी सगळंच एकदम धावत सुटत नाही. ते खळग्यांत थांबतं, शेवाळ आणि रेतीतून झिरपतं, सच्छिद्र जांभ्यात उतरतं आणि उताराच्या पोटातून झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं. वाडीच्या विहिरी याच झऱ्यांवर आहेत, पुढे अर्जुना नदीला मिळणारे पऱ्येही त्यांच्यावरच. पिवळी आसवं जिथे फुलतात, तिथे पाणी आठवडेच्या आठवडे हळूहळू झिरपत असतं, याची ती खात्रीची खूण आहे. आमच्या वाडीतले जुने गुराखी पऱ्या किती दिवस वाहील याचा अंदाज सड्यावरची ओल बघून करायचे. कुठल्या खळग्यात गणपतीपर्यंत पाणी राहतं आणि कुठल्यात दसऱ्यापर्यंत, हे त्यांना तोंडपाठ असे.

या गुराख्यांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. सडा वाचवायचा म्हणजे कुंपण घालून माणसं आणि गुरं बाहेर काढायची, अशी एक समजूत शहरात आहे. मला ती पटत नाही. गुरं पिढ्यान्‌पिढ्या या सड्यावर चरत आली आहेत. ती गवत आखूड ठेवतात आणि बुटक्या रोपांना ऊन मिळतं. आता गावात गुरंच कमी झाली, त्यामुळे सड्याच्या काही भागांत गवत दाट झालेलं मला दिसतं. सड्याला कुंपणापेक्षा गुराख्याची गरज जास्त आहे, असं माझं मत झालं आहे.

लोक म्हणतात, कास पठार आहे की. आहे, आणि 2012 साली पश्चिम घाटातल्या जागतिक वारसास्थळांत त्याचा समावेश झाला याचा मला आनंद आहे. पण कास समुद्रसपाटीपासून सुमारे 1,200 मीटर उंचीवर आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले सडे समुद्राच्या वाऱ्यात, त्या मानाने अगदी खालच्या पातळीवर आहेत. त्यांची उष्णता वेगळी, खारी हवा वेगळी आणि म्हणून वनस्पतीही पुष्कळ वेगळ्या. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या श्रीरंग यादव यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेंदाच्या एका प्रजातीला रत्नागिरीचं नाव दिलं आहे. गोवा विद्यापीठातले एम. के. जनार्दनम यांनी ए. एन. हेन्री यांच्यासोबत भारतातल्या आसवांच्या कुळावर 1992 मध्ये ग्रंथ लिहिला आणि पुढे त्याच कुळातल्या एका नव्या प्रजातीला जनार्दनम यांचं नाव मिळालं. अपर्णा वाटवे कित्येक वर्षं महाराष्ट्रातल्या कातळपठारांचा अभ्यास करत आहेत. अभ्यास कमी पडला आहे असं नाही. तो तलाठ्याच्या दप्तरापर्यंत पोचलेला नाही.

तिथे सड्याची नोंद पोटखराब म्हणून आहे. देशाच्या पातळीवर 2019 साली निघालेला पडीक जमिनींचा नकाशासंग्रह बघितला, तर त्यातही उघड्या खडकाळ जमिनीचा एक वर्ग आहे. एकदा जमीन या रकान्यात गेली की तिच्यावर काहीही केलं तरी ती सुधारणाच ठरते. खाण, बाग, प्रकल्प, वृक्षारोपण, सगळ्यांसाठी पहिलं बोट तिच्याकडेच जातं. गोव्यात मोपाचं पठार विमानतळाखाली गेलं, तिथून 2023 च्या जानेवारीत विमानं उडू लागली. विमानतळ हवा होता की नको, हा वेगळा वाद आहे. पण जागा निवडताना पठाराची किंमत धरली जाते ती रिकामी जागा म्हणूनच, आणि माझी तक्रार त्या किमतीबद्दल आहे.

सड्यावर खोदलेल्या कातळशिल्पांच्या बाबतीत आपण ही चूक वेळेवर थांबवली. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या साथीदारांनी गावोगावचे सडे पायी तुडवून ती शोधली आणि 2022 मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे ही नावं आता जगाला माहीत आहेत. ज्या माणसांनी हत्ती, मासे, मोर या दगडावर खोदले, त्यांच्याही पायाखाली पावसाळ्यात हेच गवत, हेच गेंद असणार. आज शिल्पाभोवती चार हात जागा राखली जाते आणि तिच्या पलीकडचा सडा मोकळा समजला जातो. मला वाटतं, शिल्प आणि त्याच्या भोवतीचा ओला कातळ एकत्रच राखायला हवा.

यावर मला हमखास विचारलं जातं, आणि ते योग्यच आहे: बाई, जमीन आमची, फुलं बघून आमचं पोट भरणार आहे का? कोकणातला सडा मोठ्या प्रमाणात खासगी मालकीचा, सामायिक आहे. आमच्याही सातबाऱ्यावर चुलत्यांसकट नावांची रांग आहे आणि त्यातले बहुतेक मुंबईला आहेत. खाणवाला पैसे घेऊन येतो तेव्हा कोणाच्या मुलीचं लग्न असतं, कोणाच्या घराचं छप्पर गळत असतं. त्यांना फुलासाठी थांबा म्हणणं माझ्या जिभेवर येत नाही. म्हणून मी सगळा सडा राखा असं म्हणत नाही. सड्याचा उंच, कोरडा भाग वेगळा असतो आणि पाणी धरणारे खळगे वेगळे असतात. गावातल्या कोणालाही ते पावसात एका फेरीत दाखवता येतात. खाण कोरड्या भागात होऊ द्या, बाग कोरड्या भागात होऊ द्या आणि खळगे व त्यांच्याकडे पाणी नेणारा उतार सोडा. ज्यांच्या वाट्याला नेमके खळगे आले आहेत त्यांना शासनाने दर वर्षी काही रक्कम द्यावी, कारण ते सगळ्या वाडीचं पाणी सांभाळत आहेत. ही मागणी मला अवास्तव वाटत नाही. झाडं लावायला पैसा मिळतो, तसा खळगा न बुजवण्यासाठीही मिळायला हवा.

पर्यटनातून पैसा मिळेल असं काही जण सुचवतात. मला त्याची भीती वाटते. पिवळी आसवं चपलेखाली दिसतही नाहीत. दहा मुलं एका रांगेत, गुराख्याच्या मागून, दगडावरच पाय ठेवून जाऊ शकतात. बस भरून आलेली माणसं तशी चालत नाहीत.

मग करायचं काय, तर ते आपल्या हातात आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. पुष्कळ गावांत समिती कागदावर आहे आणि नोंदवही कपाटात. याच कायद्याने छोटी जागासुद्धा जैविक वारसा स्थळ म्हणून राखता येते. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे इथली मिरिस्टिका नावाच्या झाडांची दलदल 2020 मध्ये आणि आंबोलीचं हिरण्यकेशीचं उगमस्थान, तिथल्या एका लहानशा माशासाठी, 2021 मध्ये अशी जाहीर झाली. दोन्ही जागा अगदी थोड्या हेक्टरच्या आहेत. दलदलीसाठी आणि माशासाठी झालं, ते ओल्या कातळासाठी का होऊ नये? प्रस्ताव मात्र गावातून जायला हवा.

वर्षातल्या ठरलेल्या ग्रामसभांपैकी 15 ऑगस्टची सभा नेमकी फुलांच्या दिवसांत येते. झेंडावंदन झाल्यावर शाळेतली मुलं, समितीचे सदस्य आणि गावातला एखादा जुना गुराखी यांनी मिळून सड्यावर एक फेरी मारावी. खळगा दिसला की थांबावं, फुलाशेजारी पट्टी ठेवून मोबाइलवर फोटो काढावा, पाणी किती खोल आहे ते लिहावं आणि ते कधीपर्यंत टिकतं हे गुराख्याला विचारून लिहावं. फुलाचं नाव माहीत नसलं तरी अडत नाही, जवळच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना फोटो पाठवला की ते सांगतात. गट नंबर मात्र त्याच दिवशी, तिथल्या तिथे लिहून घ्यावा आणि सभेत वाचून नोंदवहीत चढवावा, कारण खाणीचा परवाना मागायला येणारा माणूस गट नंबर घेऊनच आलेला असतो.